पाच हा आकडा कुणी ठरवला?

व्हॉट्सॲपवर आपण टीका करतो ती बहुतेक वेळा मजकुरावर. अफवा, शिवीगाळ, खोटे व्हिडिओ. आज मला मजकुराबद्दल नाही, बटणाबद्दल बोलायचं आहे.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने पाच जणांना ठार मारलं. भिक्षा मागत फिरणारे, नाथपंथी डवरी गोसावी समाजातले लोक. मुलं पळवणारी टोळी आली आहे, ही अफवा तेव्हा मोबाईलवरून फिरत होती. त्याच महिन्यात कंपनीने भारतापुरतं जाहीर केलं की, एक संदेश एका वेळी फक्त पाच ठिकाणी पुढे पाठवता येईल. फोटो-व्हिडिओशेजारचं झटपट फॉरवर्डचं बटणही काढलं.

आता कुणी म्हणेल, मारलं माणसांनी, बटणाने नाही. अगदी बरोबर. हात माणसांचेच होते आणि त्यांची जबाबदारी कमी होत नाही. पण अफवा किती वेगाने पोचावी, हे त्या माणसांनी ठरवलं नव्हतं. ते आधीच कुणीतरी ठरवून ठेवलेलं होतं.

व्हॉट्सॲपवरचे संदेश २०१६ पासून पूर्णपणे कूटबद्ध असतात, कंपनीलाही वाचता येत नाहीत. ही गोष्ट चांगलीच आहे. पण मग कंपनीच्या हातात उरतं काय? वेग आणि आवाका. २०२० च्या एप्रिलमध्ये, खूपदा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं, आणि असे संदेश ७० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीनेच सांगितलं. कुणाचा एक शब्दही न वाचता, नुसता एक आकडा बदलून!

माझा आक्षेप इथेच आहे. हा उपाय सोपा होता, तर तो माणसं मेल्यावरच का सुचला? दुसरं असं, की २०१८ मध्ये एका गटात २५६ माणसं मावत. २०२२ मध्ये ती मर्यादा १,०२४ झाली. एका हाताने दार ओढून घ्यायचं आणि दुसऱ्या हाताने खोली चौपट करायची, असाच हा प्रकार.

पूल बांधला तर त्यावरून किती वजन जाईल याचा हिशेब कुणालातरी द्यावा लागतो. इथे तो मागायची पद्धतच नाही. तेव्हा ‘लोक असेच असतात’ म्हणण्याआधी हे आकडे कोण, कशाच्या आधारावर ठरवतं ते विचारू या.