अर्ध-होमिओपॅथांचा प्रश्न : एका जुन्या वादाची महाराष्ट्रीय बाजू

भिवंडी शहराच्या महानगरपालिकेच्या नावात निजामपूर हे नाव आजही जोडलेले आहे. निजामपुऱ्यासारख्या यंत्रमागांच्या वस्तीतील कामगार ताप आला म्हणजे जवळच्या दवाखान्यात जातो, तेव्हा पाटीवरील बी. एच. एम. एस. या अक्षरांचा अर्थ तो सहसा विचारीत नाही. मजुरी विणलेल्या कापडावर ठरते. पाळी बुडाली की कमाई बुडते. समोरच्या डॉक्टरने त्याला साबुदाण्यासारख्या पांढऱ्या गोळ्या द्याव्यात की प्रतिजैविक द्यावे, हा प्रश्न मात्र गेली दहाबारा वर्षे महाराष्ट्राच्या विधिमंडळात, न्यायालयात व रस्त्यावरही गाजत आला आहे. या वादाकडे दोन व्यवसायांमधील हक्कांचे भांडण म्हणून पाहण्याची रीत पडली आहे. प्रस्तुत टिपणात तो होमिओपॅथीच्या मूळ सिद्धान्ताच्या बाजूने तपासावयाचा आहे.

त्या सिद्धान्ताचा उगम एका भाषांतरात आहे. सॅम्युएल हानेमान (१७५५–१८४३) हा जर्मन वैद्य १७९० साली विल्यम कलन या स्कॉटिश वैद्याच्या द्रव्यगुणविषयक ग्रंथाचे भाषांतर करीत होता. सिंकोनाची साल हिवतापावर का चालते याचे कलनने दिलेले कारण त्याला पटले नाही. त्याने स्वतः निरोगी असताना ती साल घेऊन पाहिली आणि आपल्या अंगी तापाची लक्षणे उमटल्याची नोंद केली. निरोगी माणसात जे द्रव्य जी लक्षणे उत्पन्न करते, तेच द्रव्य तशाच लक्षणांचा रोग बरा करते, हा नियम त्याने १७९६ च्या निबंधात मांडला. १८१० च्या ‘ऑर्गेनॉन’मध्ये त्याला शास्त्राचे रूप दिले. रक्तमोक्षण व पाऱ्याचे जबर डोस यांनी रोग्याचा प्राण कंठाशी आणणाऱ्या तत्कालीन वैद्यकाच्या तुलनेत ही चिकित्सा निदान निरुपद्रवी होती, हे तिचे ऐतिहासिक श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

परंतु पायाचा दगडच डळमळीत निघाला. हिवतापाचा परोपजीवी लाव्हरां याने १८८० साली शोधला, आणि सिंकोनातील क्विनीन त्या जीवावर आघात करते म्हणून ताप उतरतो, हे पुढे स्पष्ट झाले. लक्षणसाम्याचा तेथे काही संबंध नाही. दुसरा आक्षेप सौम्यीकरणाचा. शंभरात एक या प्रमाणात तीस वेळा पातळ केलेल्या औषधात मूळ द्रव्याचे प्रमाण एकावर साठ शून्यांच्या संख्येत एक इतके उरते. एका मोलमधील रेणूंची संख्या सुमारे ६ × १०२३ (दहाचा तेविसावा घात) एवढीच असल्यामुळे बाराव्या पायरीच्या सुमारासच मूळ द्रव्याचा रेणू उरण्याची शक्यता संपत येते.

या आक्षेपाला एक उत्तर महाराष्ट्रातूनच देण्यात आले, म्हणून त्याचा विचार थोडा विस्ताराने करणे योग्य. पवईच्या आयआयटीतील संशोधकांनी २०१० साली सोने, तांबे, कथील, जस्त, चांदी व प्लॅटिनम यांपासून बनविलेली बाजारातील होमिओपॅथिक औषधे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासली आणि सहाव्या, तिसाव्या व दोनशेव्या पोटन्सीतही धातूंचे अतिसूक्ष्म कण आढळल्याचे प्रसिद्ध केले. समर्थकांनी या निबंधाचे मोठे स्वागत केले; निबंध लक्षपूर्वक वाचला असता तर ते इतक्या उत्साहाने केले असते की नाही, याची शंका वाटते. कारण सहाव्या पायरीनंतर कणांचे प्रमाण फारसे घटतच नाही, असे त्याच निबंधाचे म्हणणे आहे. तसे असेल तर तीस आणि दोनशे या पोटन्सींमध्ये जो भेद प्रत्येक होमिओपॅथ मानतो, त्याला या कणांचा आधार मिळत नाही. शिवाय बाटलीत कण असणे आणि त्या कणाने रोग बरा होणे यांत अंतर आहे. ते अंतर रोग्यांवरील तुलनात्मक चाचण्यांनीच ओलांडता येईल. अशा चाचण्यांचा निर्वाळा होमिओपॅथीला अनुकूल नाही. ‘लॅन्सेट’मधील २००५ च्या विश्लेषणात होमिओपॅथीच्या ११० चाचण्या आधुनिक औषधांच्या तितक्याच चाचण्यांशी ताडून पाहिल्या गेल्या, मोठ्या व काटेकोर चाचण्यांपुरते पाहता होमिओपॅथीचा परिणाम निव्वळ आश्वासक गोळीहून वेगळा काढता आला नाही.

आता कायद्याकडे वळू. होमिओपॅथांच्या नोंदणीचा मुंबई राज्याचा कायदा १९५९ चा. मुंबईतील एका होमिओपॅथाने तापाच्या रोग्याला आधुनिक औषधे दिली व रोगी दगावला. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली, ज्या पद्धतीचे शिक्षण नाही त्या पद्धतीने उपचार करणे हाच निष्काळजीपणा होय, असा निर्णय दिला. पुढे २०१४ साली महाराष्ट्राने कायदा दुरुस्त करून, आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पुरा करणाऱ्या होमिओपॅथांना आधुनिक औषधे देण्याची मुभा दिली. इंडियन मेडिकल असोसिएशनने दुरुस्तीला उच्च न्यायालयात आव्हान दिले. २०२५ मध्ये या डॉक्टरांच्या नोंदणीवरून संपही झाला.

डॉक्टरांच्या तुटवड्याचा युक्तिवाद खोटा नाही. पण तो युक्तिवाद करणारा आपल्या शास्त्राविषयी नकळत साक्ष देतो. तापावर आपल्या पद्धतीचे औषध पुरते, असा ज्याचा विश्वास आहे त्याला दुसऱ्या पद्धतीचे औषध कशासाठी हवे? हानेमानला हा प्रश्न अनोळखी नव्हता. जळवा व जुलाबाची औषधे यांची आपल्या औषधांशी सरमिसळ करणाऱ्या लायप्झिगच्या अनुयायांना ‘अर्धे होमिओपॅथ’ संबोधून त्याने १८३२ साली वृत्तपत्रातून जाहीरपणे फटकारले होते. एका वेळी एकच साधे औषध, हा त्याचा दंडक होता. तो चुकला असेल. पण दुटप्पी नव्हता.

येथे कलकत्त्याच्या डॉ. महेंद्रलाल सरकारांचे स्मरण होते. एम. डी. झालेल्या या गृहस्थाने १८६७ साली ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या बंगाल शाखेत उघडपणे होमिओपॅथीचा पक्ष घेतला आणि व्यवसायबंधूंचा बहिष्कार सोसला. त्यांचा पक्ष आपणास मान्य नसला तरी, याच माणसाने १८७६ साली प्रायोगिक विज्ञानासाठी संस्था उभारली, ज्या संस्थेत पुढे रामन यांनी संशोधन केले, हे विसरता येत नाही. कलकत्त्यात मागणी होती ती तपासणीची. आपल्याकडे ती परवान्याची झाली आहे.

आणि परवाना मिळाल्यावर तपासणी अधिकच दुरावते. एकाच कागदावर प्रतिजैविक व पांढऱ्या गोळ्या शेजारी लिहिल्या जातात, तिसऱ्या दिवशी कामगाराचा ताप उतरतो, तो मागावर परत जातो. कोणत्या औषधाने उतरला, की आपोआपच उतरला, याची नोंद दवाखान्यात कोणी ठेवीत नाही.