उंचावरची सरोवरे आणि आपले प्रवासवर्णन

मराठी प्रवासवर्णनाच्या प्रांतात गेल्या दोन-अडीच दशकांत एक नवा उपप्रकार स्थिरावला आहे. पाठीवर सॅक टाकून हिमालयात केलेल्या पदभ्रमणाचा वृत्तान्त, असे त्याचे स्वरूप. दिवाळी अंकांत तो आढळतो, संस्थांच्या स्मरणिकांत आढळतो, आणि आपल्या पत्रिकेकडे येणाऱ्या लेखांतही त्याचा वाटा मोठा आहे. त्यातही काश्मीरमधील सरोवरांची वाट विशेष लोकप्रिय झालेली दिसते. सोनमर्गजवळून निघून निचनाईची खिंड ओलांडायची, विशनसर, किशनसर, गाडसर, सतसर, गंगाबल आणि नंदकोल अशी सरोवरे पाहत नारानागला उतरायचे. अंतर सुमारे ७० किलोमीटर, अवधी साधारण आठवड्याचा. तेथला उन्हाळा म्हणजे आपला आषाढ-श्रावण. माळव्यात किंवा बडोद्यात छत्री उघडण्याचे दिवस येतात, तेव्हा तेथे खिंडींवरचा बर्फ उतरलेला असतो आणि वाट चालण्याजोगी होते.

या वाटेवरचे जे लेख वाचनात आले, त्यांच्याविषयी प्रस्तुत लेखात काही म्हणायचे आहे. लेखक बहुधा हौशी आहेत, प्रामाणिक आहेत, आणि त्यांचा उत्साह अनुकरणीय आहे. तरीही लेख वाचून संपल्यावर एक गोष्ट जाणवते. लेखकाचे गुडघे, त्याचा श्वास, तंबूतील थंडी, रात्रीच्या जेवणातील खिचडी आणि सहप्रवाशांच्या थट्टा या सर्वांची आपल्याला पुरेशी ओळख झालेली असते. सरोवराची मात्र झालेली नसते.

लेखाचा साचा ठरून गेला आहे. आरंभी तयारी येते : बुटांची खरेदी, सॅकचे वजन, घरच्यांची काळजी. (सॅक पुढे घोड्यावर चढते, पण शीर्षकात ती पाठीवरच राहते.) मग चढ, धाप, पाऊस. अखेर खिंडीच्या माथ्यावरून खाली सरोवर दिसते आणि लेखक लिहितो की पाचूसारखे, नितळ, जणू स्वर्गच. वर्णन करायला शब्द अपुरे पडतात. पुढच्या परिच्छेदात छायाचित्रे काढली जातात, मग चहा येतो. सात दिवस चालून गाठलेल्या सरोवरांच्या वाट्याला मिळून दहा-बारा ओळी येतात, आणि त्यांची अदलाबदल केली तरी कोणाच्या लक्षात येऊ नये.

‘शब्द अपुरे पडतात’ या वाक्याचा अर्थ आपण फार उदारपणे लावतो. त्यात लेखकाची नम्रता आहे असे मानतो. माझ्या मते, बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ ‘मी पुरेसे पाहिले नाही’ एवढाच असतो. महसूल खात्यात नोकरी केलेल्या माणसाला पंचनाम्याची सवय असते. पंचनाम्यात सौंदर्य नसते, पण चतुःसीमा असते : पूर्वेस काय, पश्चिमेस काय, पाणी कोठून येते, कोठे जाते, शेजारी कोण राहतो. ललित लेखाने पंचनामा व्हावे असे मी म्हणणार नाही. परंतु पंचनाम्यातही जे असते, तेवढे तरी ललित लेखात असावे, ही अपेक्षा फार नाही.

असे का होत असावे? मला वाटते, अडचण शब्दापासूनच सुरू होते. सह्याद्रीत टाके आहे, कुंड आहे, डोह आहे. गावात तळे आहे, तलाव आहे. बर्फाने कोरलेल्या खडकाच्या वाटीत साठलेले पाणी आपल्या मूळ मुलखात नाही, म्हणून त्याला घरचा शब्दही नाही. मग आपण ‘सरोवर’ हा संस्कृतातील भारदस्त शब्द घेतो, आणि तो एकटा येत नाही. त्याच्यासोबत कमळे येतात, राजहंस येतात, चांदणे येते. चिंतामणराव देशमुख, कुसुमाग्रज, बोरकर अशा थोरांनी ‘मेघदूत’ मराठीत आणले. त्यामुळे मानस सरोवर, त्याकडे निघालेले हंस आणि त्यातील सोन्याची कमळे आपल्या कानात आधीपासूनच असतात. विशनसरच्या काठी, बारा हजार फुटांवर, कमळ नसते. आपला लेखक ते नाही म्हणून गोंधळत नाही. तो ते मनानेच तेथे ठेवतो. जे प्रत्यक्ष आहे त्याकडे त्याची नजर जात नाही.

आणि प्रत्यक्ष जे आहे ते थोडे नाही. किशनसर वर आणि विशनसर खाली. वरच्याचे पाणी खालच्यात उतरते. एकेकाळच्या हिमनद्यांनी डोंगराच्या कुशीत खोलगट जागा कोरल्या, पुढे गोट्यांचा बांध ठेवला आणि त्या मागे हटल्या. सरोवर म्हणजे त्यांची मागे राहिलेली खूण. हिमनदीने दळलेल्या दगडाची पिठासारखी बारीक भुकटी पाण्यात तरंगते आणि प्रकाश विखुरते, म्हणून ते पाणी हिरवट-निळे दिसते. ‘पाचू’ म्हटले की हे सारे झाकले जाते. गाडसर या नावातील ‘गाड’ म्हणजे काश्मिरीत मासा. विशनसर-किशनसरमध्ये आज जो ट्राउट मासा आढळतो, तो इंग्रजांनी १९०० च्या सुमारास काश्मिरात आणला. विष्णूच्या आणि कृष्णाच्या सरोवरात विलायतेचा मासा! या एका तपशिलावर चांगल्या लेखकाला दोन पाने सहज लिहिता येतील.

नावांचा विषय निघाला, म्हणून कल्हणाकडे वळणे अपरिहार्य आहे. बाराव्या शतकाच्या मध्यास लिहिलेल्या ‘राजतरंगिणी’त हरमुकुट पर्वत, म्हणजे आजचे हरमुख, आणि त्याच्या पायथ्याचे नंदिक्षेत्र पुन्हा पुन्हा येते. कल्हणाचे वडील चंपक दरवर्षी सात दिवस नंदिक्षेत्री जाऊन राहत, अशी त्याची नोंद आहे. आपले पदभ्रमणही बहुधा सातच दिवसांचे असते. ऑरेल स्टाइन यांनी १९०० साली या ग्रंथाचे सटीप इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. त्यांनी ही ठिकाणे पायी हिंडून निश्चित केली होती. गंगाबल म्हणजे जुन्या ग्रंथांतील उत्तरमानस, असे ते सांगतात. ज्या मानसाची कमळे आपण सोबत घेऊन जातो, त्याच नावाचे एक सरोवर या वाटेच्या अखेरीस खरोखर आहे; पण ते वाचलेल्याला दिसते, न वाचलेल्याला नाही.

त्याहून महत्त्वाचे नंदकोल. त्याचे जुने नाव कालोदक. परंपरा अशी की, या सरोवराच्या आतल्या भागातील गडद निळे पाणी म्हणजे काल, अर्थात शिव; आणि काठाकडचे फिकट हिरवे पाणी म्हणजे नंदी. ही कल्पना ज्याला प्रथम सुचली, त्याने त्या पाण्याकडे किती वेळ पाहिले असेल याचा विचार करावा. एकाच सरोवरात दोन रंग आहेत, ते कोठे मिळतात आणि त्यांची हद्द कशी आहे, हे त्याने पाहिले. मग त्यांना नावे दिली. येथे श्रद्धा निरीक्षणातून जन्मली आहे. आपल्या लेखांत बरोबर उलट घडते : श्रद्धेचे शब्द आधी तयार असतात आणि निरीक्षण राहून जाते.

याच ग्रंथाचे दुसरे प्रसिद्ध इंग्रजी भाषांतर १९३५ साली रणजित सीताराम पंडित यांनी केले. हे घराणे मूळचे कोकणातील बांबुळीचे, राजकोटात स्थिरावलेले, म्हणजे आपल्यापैकीच. स्वातंत्र्यलढ्यातील तुरुंगवासात त्यांनी हे काम चालविले. ज्या डोंगरांपर्यंत त्या काळी पाय पोहोचू शकत नव्हते, तेथे त्यांनी कोशांच्या आणि व्याकरणाच्या आधारे जाणे साधले. पाय मोकळे असलेल्या आपण त्या नावांचा अर्थही विचारू नये, हे खटकते.

आणखी एक उणीव. या वाटेवर सैन्याची ठाणी लागतात, ओळखपत्रे तपासली जातात. बहुतेक लेखांत हा प्रसंग गमतीने येतो. परंतु ठाणी का आहेत हे पाणीच सांगते. विशनसरमधून निघणारे पाणी किशनगंगेचे. ते गुरेझकडे जाते, नियंत्रण रेषा ओलांडते आणि मुझफ्फराबादजवळ झेलमला मिळते. गंगाबलचे पाणी नंदकोलमधून वांगतच्या ओढ्याने सिंध नदीत आणि तीतून शादीपूरला झेलममध्ये जाते. एकाच आठवड्याच्या चालीत आपण दोन पाणलोट ओलांडतो. धारेवर दुभंगलेले हे पाणी रेषेपलीकडे पुन्हा एक होते. चतुःसीमा पाहण्याची सवय असती, तर ओळखपत्राच्या तपासणीला केवळ किस्सा म्हणून कोणी लिहिले नसते. तीच गोष्ट बकरवालांची. जम्मूच्या सखल भागातून शेळ्या-मेंढ्यांसह दर उन्हाळ्यात या कुरणांवर येणारे हे लोक आपल्या लेखांत छायाचित्रापुरते उभे राहतात. ते बोलत नाहीत.

हे लेखन निव्वळ सदोष आहे असे मात्र नाही. जुन्या यात्रावर्णनांत न आढळणारा एक मोकळेपणा त्यात आहे. शरीराचे दुखणे, भीती, मागे फिरण्याचा मोह या गोष्टी येथे संकोच न करता लिहिल्या जातात. विशेषतः स्त्रियांनी लिहिलेल्या लेखांत तो सूर फार ताजा वाटतो. पण एवढ्यावर थांबणे पुरेसे नाही, आणि तसे म्हणण्याला आपल्याच परंपरेचा आधार आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली पायी उत्तरेकडे निघाले, ते बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञाची वार्ता ऐकून. ग्वाल्हेरच्या आणि झाशीच्या मुलखात त्यांनी जे पाहिले, ते १९०७ साली ‘माझा प्रवास’ या नावाने प्रसिद्ध झाले. खांद्यावर गंगेची कावड घेऊन घरी परतलेला हा भिक्षुक ब्राह्मण. त्याला इंग्रजी साहित्य ठाऊक नव्हते, तरी शब्द अपुरे पडल्याची तक्रार तो करत बसत नाही. कोणी काय खाल्ले, कोणाच्या अंगावर काय होते, कोण कसे मेले, हे तो सांगतो. ओझे वाहून चालणाऱ्या माणसाचे मराठी गद्य कसे असावे, याचा हा नमुना आपल्या घरात आहे.

हा प्रश्न केवळ वाङ्मयीन अभिरुचीचा नाही. शिंदे, होळकर, गायकवाड यांच्यासोबत आलेली आपली घराणी मराठी जपून आहेत. पण जपलेली भाषा हळूहळू सणाची भाषा होते. हळदीकुंकू, गणपती, लग्नपत्रिका येथे ती सुरेख असते. नवे काही समोर आले की ती ठेवणीतले अलंकार काढते. आपली नातवंडे आज विशनसरच्या काठी उभी आहेत. त्यांनी पाहिलेले मराठीत नेमके सांगता येत नाही असे त्यांना वाटले, तर ती ते हिंदीत किंवा इंग्रजीत सांगतील, आणि त्यात त्यांचा दोष नसेल.

म्हणून या लेखकांना एवढेच सुचवावेसे वाटते. सहाही सरोवरांचे वर्णन करू नये, एकच निवडावे. त्याच्या काठी चहा होईपर्यंत नव्हे, तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसावे. त्याचे नाव घोडेवाल्याला विचारावे आणि परत आल्यावर ग्रंथालयातही पाहावे. पाणी कोणत्या बाजूने आत येते आणि कोणत्या बाजूने बाहेर पडते हे लिहावे. मग ‘पाचू’ हा शब्द वापरावासा वाटला, तर अवश्य वापरावा.