पापाला आरंभ असतो काय? : नीळकंठशास्त्री गोरे यांची दोन खंडने

ईश्वर सर्वज्ञ, सर्वशक्तिमान आणि दयाळू असेल, तर त्याने पाप घडूच कसे दिले, हा ख्रिस्ती ईश्वरमीमांसेतील जुना पेच. आपल्याकडे तो आठवतो तो मिशनऱ्यांशी झालेल्या जाहीर वादांच्या निमित्ताने. 1857 मधील विष्णुबुवा ब्रह्मचारींचे मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावरील वाद त्यांत अर्थातच अग्रभागी. या पेचाचे अधिक खोल रूप मात्र एकाच माणसाच्या दोन परस्परविरोधी ग्रंथांत आढळते. काशीत वाढलेले चित्पावन पंडित नीळकंठशास्त्री गोरे (1825–1895) यांनी जॉन म्यूर यांच्या ‘मतपरीक्षे’ला (1839) उत्तर म्हणून 1844-45 मध्ये ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा संस्कृत ग्रंथ रचला. 1848 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि 1860 मध्ये हिंदीत ‘षड्दर्शनदर्पण’ लिहून आपल्याच पूर्वपक्षाचे खंडन केले. दोन्ही ग्रंथ मराठीत नाहीत, एवढ्यावरून मराठी समीक्षेने त्यांच्याकडे पाठ फिरवावी, हे समर्थनीय नाही.

तरुण गोऱ्यांचा आक्षेप नेमका आहे. जो ईश्वर जीवांना नव्याने उत्पन्न करतो, तो त्यांच्या पतनाच्या आणि नरकयातनांच्या उत्तरदायित्वातून सुटत नाही. उलट कर्म अनादी मानले, की वैषम्य आणि नैर्घृण्य हे ब्रह्मसूत्रांनी विचारात घेतलेले दोन्ही दोष ईश्वराला लागत नाहीत. ख्रिस्ती झालेल्या गोऱ्यांचा रोख नेमका या अनादित्वावर आहे. साखळी कितीही मागे नेली तरी ती साखळीच राहते.

येथे दोन सिद्धान्तांइतकाच दोन कथनरूपांचा संघर्ष आहे, असे आम्हांस वाटते. कर्मसिद्धान्ताला पहिले पान नाही. म्हणून ‘प्रथम कोणी केले?’ हा प्रश्न तेथे गैरलागू ठरतो. तो सुटत नाही, विचारताच येत नाही. आदाम-हव्वेच्या आख्यानाला मात्र पहिला दिवस आहे, एक झाड आहे, एक निषेध आहे. आरंभ असलेल्या कथेत कर्त्याला जाब विचारता येतो. ऑगस्टीनने पापाला स्वतंत्र सत्ता नाकारून ते केवळ सत्-चा अभाव मानले आणि इच्छास्वातंत्र्याकडे बोट दाखवले. तरी ते स्वातंत्र्य देणारा परिणाम जाणत होताच, हा मुद्दा उरतोच.

भाषांतराने या अडचणीत भर घातली. आपल्या ‘पापा’समोर ‘पुण्य’ उभे असते; दोहोंचा हिशेब होतो, भोगून किंवा प्रायश्चित्ताने खाते मिटते. ख्रिस्ती कल्पनेत पाप म्हणजे मुख्यतः ईश्वराशी असलेल्या नात्याचा भंग. ते कोणत्याही पुण्यसंचयाने भरून निघत नाही. हिशेबाच्या परिभाषेत ‘ईश्वराने पाप होऊ दिले’ हे विधान बेफिकीर जमाखर्चासारखे ऐकू येते. नात्याच्या परिभाषेत तेच विधान, ज्याला दूर जाता येत नाही त्याचे जवळ असणेही निरर्थक, असा अर्थ सुचवते. मिशनऱ्यांनी शब्द घेतला, त्याचा जमाखर्च मागे सोडता येईल असे गृहीत धरले. (हा भाबडेपणा त्यांच्या शत्रूंनीही पुरेसा हेरला नाही.)

यामुळे गोऱ्यांच्या दुसऱ्या ग्रंथाची बाजू काहीशी लंगडी पडते. अनादी कर्माचे खंडन करताना त्यांचा न्यायशास्त्रातला हात सफाईने चालतो. पण जन्मांध मुलाचे काय, हा प्रश्न कर्मवाद्याकडून काढून घेतल्यावर तो नव्या ईश्वराच्या दारात तसाच पडून राहतो. विशीतल्या पंडिताने विचारलेल्या प्रश्नाला पस्तिशीतल्या ख्रिस्ती गोऱ्यांकडे तितक्या ताकदीचे उत्तर नव्हते.