गुणाकार-भागाकाराची भाषा आणि मराठी संख्यानामे

२०१९ च्या जून महिन्यात महाराष्ट्रातील इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात संख्यानामांची एक नवी पद्धती दाखल झाली आणि तिच्यावरून वर्तमानपत्रांपासून विधिमंडळापर्यंत वाद माजला. ‘एकवीस’, ‘बावीस’ या रूढ नावांच्या जोडीने ‘वीस एक’, ‘वीस दोन’ ही नावे तीत सुचविलेली होती. गणित विषय समितीच्या अध्यक्षा कै. मंगला नारळीकर (१९४३–२०२३) यांनी या योजनेचे समर्थन करताना मुख्यतः दोन गोष्टींवर भर दिला : रूढ नावांतील जोडाक्षरे लहान मुलांना जड जातात, आणि या नावांत एकक आधी व दशक मागून येत असल्याने उच्चार व लेखन यांचा क्रम उलटा होतो. विरोधकांनी भाषेची मोडतोड होत असल्याची हाकाटी केली. दोन्ही पक्षांचे म्हणणे बव्हंशी संख्यांचे वाचन आणि लेखन यांच्यापुरतेच मर्यादित राहिले. परंतु प्राथमिक शाळेतील मूल संख्या वाचून थांबत नाही. त्याच नावांच्या आधाराने पुढे त्याला मोठ्या संख्यांचे गुणाकार आणि भागाकार करावयाचे असतात, आणि हे करीत असताना ते मनात सतत काहीतरी पुटपुटत असते. या पुटपुटण्याची भाषा कोणती व तिचा व्याकरणिक घाट कसा, हा प्रश्न वादात जवळजवळ उपेक्षितच राहिला. संख्यानामांची खरी परीक्षा मात्र तेथेच होते.

मराठी संख्यानामे अवघड आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. सोळा, सव्वीस, छत्तीस, शेहेचाळीस, छप्पन्न, सहासष्ट, शहात्तर, शहाऐंशी, शहाण्णव या मालिकेत ‘सहा’ हा अंक एकच असला तरी त्याची रूपे अनेक आहेत. ‘सहा’ हे रूप जसेच्या तसे फक्त सहासष्टमध्ये ऐकू येते. ‘दोन’ची तऱ्हाही अशीच : बावीस, बत्तीस, बेचाळीस, ब्याऐंशी. संस्कृतातील सामासिक रूपे प्राकृतांतून झिजत आल्याचा हा परिणाम होय. एककाला आधी मान देण्याची रीतही तिकडचीच, आणि ती हिंदी-गुजरातीतही आहे. कन्नड, तेलुगू, तमिळ या शेजारभाषांत विसाच्या पुढे दशक आधी व एकक मागून येतो. त्याखेरीज मराठीत एकोणतीस, एकोणपन्नास यांसारखी वजाबाकीची नावे आहेत, ज्यांत पुढच्या दशकाचे नाव घेऊन त्यातून एक उणा करावयाचा असतो. हिंदीत ८९ ला ‘नवासी’ म्हणतात. मराठी तेथेही ‘एकोणनव्वद’ म्हणते आणि केवळ ‘नव्याण्णव’ला येऊन ही रीत सोडते.

संख्या मोठी झाली की हा उलटेपणा वाढत जातो. शंभराच्या पुढे मराठीही मोठे स्थान आधी सांगते. परंतु लाख, हजार आणि अखेरचे दोन अंक या प्रत्येक जोडीच्या आत एकक पुढे सरकतो. ४२,७६,३५८ ही संख्या ‘बेचाळीस लाख शहात्तर हजार तीनशे अठ्ठावन्न’ अशी ऐकणाऱ्या मुलाला ती उतरून घेताना तीन वेळा क्रम फिरवावा लागतो. या मर्यादेपर्यंत सुधारकांचा पक्ष बळकट आहे.

गुणाकारात मात्र चित्र पालटते. ३८७ ला ८ ने गुणावयाचे आहे. मूल उजवीकडून आरंभ करते : ‘आठ साते छप्पन्न, छप्पन्नाचे सहा, हातचे पाच’. येथे हाताला आधी एकक लिहावयाचा असतो आणि दशक राखून ठेवावयाचा असतो. ‘छप्पन्न’ हे नावही आधी सहा सांगते आणि मागून पन्नास. वाचनात आड येणारा क्रम गुणाकारात हाताच्या गतीशी जुळतो. ‘पन्नास सहा’ म्हणणाऱ्याला आधी ऐकलेले बाजूला ठेवून मागून ऐकलेले आधी लिहावे लागेल. एकक-प्रथम नावे गुणाकाराला साहाय्यक आहेत, ही गोष्ट वादात कोणी मांडली असती तर त्याला निराळे वळण लागले असते.

हाच हिशेब पुढे चालविला असता दुसरी एक बाजू उघड होते. ‘आठ आठे चौसष्ट, आणि हातचे पाच, एकोणसत्तर.’ येथे लिहावयाचे नऊ आणि हातचे सहा. परंतु ‘एकोणसत्तर’मध्ये नऊही ऐकू येत नाहीत आणि साठही नाहीत. कानावर पडते ते ‘सत्तर’. त्या नादाने हातचे सात धरले गेले तर ३,०९६ या बरोबर उत्तराऐवजी ३,१९६ येते, आणि शिक्षकाच्या तांबड्या शाईला ते निव्वळ दुर्लक्ष वाटते. एक ते नऊ यांच्या परस्पर गुणाकारांतून ३६ निरनिराळे गुणाकार निघतात; त्यांत ‘एकोण’ने आरंभ होणारे नाव फक्त एकच, सात साते एकोणपन्नास. पाढे चोख पाठ असलेल्या मुलालाही ‘एकोण’ची गाठ पडते ती हातचा मिळविताना, म्हणजे पाठांतराचा आधार सुटतो नेमक्या त्या क्षणी. सरसकट सर्व संख्यानामे बदलण्यापेक्षा या आठ नावांवर, एकोणीस ते एकोणनव्वद यांवर, वेगळे परिश्रम घेणे अधिक फलदायी ठरले असते.

पाढ्यांचा विचार करताना आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. पाढा हे एक स्वतंत्र भाषिक रूप आहे. ‘दुणे, त्रिक, चोक, पंचे, सक’ ही रूपे व्यवहारात अन्यत्र जवळजवळ आढळत नाहीत. त्यांचे काम गुणक सांगणे एवढेच, आणि त्यांना क्रियापद लागत नाही. ‘सात पंचे पस्तीस’ या तीन शब्दांत विधान पूर्ण होते. त्या जागी ‘सात पंचे तीस पाच’ म्हटले तर चौथा शब्द येतो, आणि ‘तीस’ व ‘पाच’ यांच्यामधील बेरजेचे नाते ‘सात’ व ‘पंचे’ यांच्यामधील गुणाकाराच्या नात्याशेजारी येऊन बसते. प्रौढाला हा भेद सहज कळतो. आठ वर्षांच्या मुलाला कळतो किंवा नाही, हे तपासावयास हवे होते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी ही अपूर्णांकांच्या पाढ्यांची परंपरा १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आल्यावर मागे पडत गेली, कारण सोळा आण्यांच्या रुपयाशी तिची जी सांगड होती तीच तुटली. भाषेतील सव्वाशे, दीडशे, अडीच हजार, साडेतीन लाख मात्र हटले नाहीत. ज्याला औटकी ठाऊक नाही तोही ‘साडेतीन हजार’ म्हणताना नकळत एक गुणाकार करीतच असतो.

भागाकाराची वाट डावीकडून उजवीकडे जाते. ७,८२६ ला २६ ने भागावयाचे असल्यास प्रथम ७८ मध्ये २६ किती वेळा याचा अंदाज बांधावा लागतो, आणि तो दशकांवरून बांधावयाचा असतो : सत्तर आणि वीस. पण ‘अठ्ठ्याहत्तर’ आणि ‘सव्वीस’ ही नावे आधी आठ व सहा ऐकवितात. येथे ‘सत्तर आठ’, ‘वीस सहा’ ही मांडणी निःसंशय उपकारक आहे. नवी नावे ज्या इयत्तेसाठी सुचविली गेली त्या दुसरीत मोठ्या संख्यांचा भागाकार नाही, आणि त्यांचा खरा उपयोग ज्या भागाकारात आहे त्याचे नाव समर्थनात फारसे आले नाही, ही गंमत नमूद करण्यासारखी आहे.

याच उदाहरणात एक दोष दडलेला आहे आणि तो संख्यानामांचा नाही. तीन वेळा भाग गेला, बाकी शून्य. पुढचा २ खाली घेतला. शाळेतील रूढ बोलणे असे : ‘दोनाला सव्वीसाने भाग जात नाही, म्हणून पुढचा सहा खाली घ्यावा.’ मग सव्वीसात सव्वीस एकदा. मूल भागाकारात ३१ लिहिते. बरोबर उत्तर ३०१ आहे. ३१ ला २६ ने गुणले तर ८०६ च येतात. चूक कोणाची? ‘भाग जात नाही’ हे वाक्य नकारार्थी आहे. ते एक घटना घडली नाही असे सांगते, आणि न घडलेल्या गोष्टीची नोंद करण्याची प्रवृत्ती कोणत्याही सामान्य भाषाव्यवहारात नसते. मुलाने ऐकले तेच केले. ‘दोनात सव्वीस शून्य वेळा’ असे होकारार्थी वाक्य वापरले की शून्याला लिहिण्याची जागा आपोआप मिळते, कारण ‘तीन वेळा’ आणि ‘एकदा’ यांच्या रांगेत तेही एक मोजमाप होऊन बसते.

दोन अंकी गुणकाने गुणताना दुसऱ्या ओळीत एककाखाली जी फुली मारण्याची रीत आहे तीही अशीच मुकी आहे. १३५ ला १२ ने गुणताना ‘एक पंचे पाच’ म्हणून फुलीच्या डावीकडे पाच लिहिले जातात. प्रत्यक्षात तेथे दहा पंचे पन्नास झालेले असतात. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) नेमके हेच उदाहरण आहे, आणि १२ चे ८ व ४ असे खंड पाडून १,०८० व ५४० यांची बेरीज १,६२० करून दाखविण्याची रीतही तेथे सांगितलेली आहे. खंडगुणन आज परदेशी पुस्तकांतून नव्या नावाने परत येते तेव्हा त्याचे कौतुक होते. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ स्थापन झाल्याचा शिलालेख तेराव्या शतकाच्या आरंभापासून उभा आहे, याची आठवण अशा वेळी होणे स्वाभाविक आहे.

पारिभाषिक शब्दांबाबत तक्रारीला फारशी जागा नाही. गुण्य आणि भाज्य म्हणजे जे गुणावयाचे आणि भागावयाचे ते. गुणक आणि भाजक म्हणजे गुणणारा आणि भागणारा. दोन प्रत्यय उलगडून दाखविले की चारही शब्द एकदम उलगडतात. अडचण होते ती वाक्यात. ‘२६ ने ७,८२६ ला भागा’ आणि ‘७,८२६ ला २६ ने भागा’ या दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच आहे, कारण मराठीत कार्य शब्दक्रम करीत नाही, ‘ला’ आणि ‘ने’ करतात. पाठ्यपुस्तकांतील उदाहरणे बहुधा दुसऱ्याच साच्यात असतात. त्यामुळे ‘आधी येईल ती भाज्य’ असा चुकीचा नियम मूल स्वतःच बनविते. गुणाकारात तो नियम कधीच उघडा पडत नाही, कारण तेथे अदलाबदल केली तरी उत्तर बदलत नाही. तो उघडा पडतो भागाकारात, आणि तोही साचा बदलल्यावर.

नॉर्वेने १९५१ च्या १ जुलैपासून शाळा व शासनव्यवहार यांत दशक-प्रथम नावे लागू केली. दूरध्वनिक्रमांक सांगताना होणारा घोटाळा हे त्यामागील एक प्रमुख कारण होते. तरीही जुनी नावे तेथे बोलण्यात टिकून राहिली. संख्यानामे शासकीय आदेशाने नाहीशी होत नाहीत, परंतु दोन मालिका एकाच भाषेत नांदू शकतात, एवढे त्यावरून निश्चित दिसते. मराठीतही ‘वीस सहा’ला ‘सव्वीस’च्या जागी बसविण्याचे कारण नाही. मोठ्या संख्या उतरून घेताना आणि भागाकाराचा अंदाज बांधताना तिचा उपयोग व्हावा. पाढे आणि हातचे जुन्या नावांनीच चालावेत. २०१९ च्या पुस्तकाने दोन्ही नावे दिली. कोणत्या क्रियेत कोणते नाव, हे मात्र कोठेच सांगितले नाही, आणि तिसरी-चौथीच्या शिक्षकाला तेच हवे होते.