‘नको’ न म्हणता दिलेला नकार : तेरच्या गोरोबाकाकांची कथा वाचताना

संशोधनाच्या तयारीला लागलेल्या मित्रमैत्रिणींनो, आज माझीच एक फसगत सांगते.

‘जुन्या मराठी साहित्यातले नकार’ हा विषय डोक्यात घोळत होता. पहिल्या उत्साहात मी काय केलं? पोथीची संगणकावरची प्रत उघडली, आधी ‘नाही’ शोधलं, मग ‘नको’ शोधलं, आणि आलेले आकडे वहीत उतरवले. तक्ता झकास झाला. मार्गदर्शकांनी तो पाहिला आणि एवढंच विचारलं, “यात गोरोबाकाकांच्या बायकोचा नकार कुठंय?” माझ्याकडं उत्तर नव्हतं. तो तक्त्यात आलाच नव्हता.

का आला नव्हता, हे कळायला मला बरेच दिवस लागले. तुमचे तेवढे जाऊ नयेत म्हणून हे लिहितेय.

पहिली अडचण शब्दांची. मराठीत नकाराचं काम एका शब्दावर चालत नाही. ‘नाही’ वस्तुस्थिती सांगतं. ‘नव्हे’ ओळख नाकारतं. ‘नये’ रीत सांगतं. आणि ‘नको’ मात्र कुणाच्या तरी तोंडावर म्हटलं जातं, त्यात बोलणाऱ्याची इच्छा असते. आपल्याकडं गावात ते ‘नगं’ होतं, दखनीत ‘नक्को’. आपला जिल्हा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता, त्यामुळं दोन्ही रूपं आपल्या कानांना सवयीची आहेत.

जुन्या मराठीत याहून मोठी गंमत आहे. तिथं ‘न’ क्रियापदालाच चिकटतो. न जाणे याचं नेणे, न घे याचं नेघे, न उरे याचं नुरे. आजही आपण ‘जाणते-नेणते’ म्हणतो, गोष्टीत ‘आवडती-नावडती’ राणी असते, ती याच घरातली. ‘नाही’ आणि ‘नको’ शोधून ही रूपं सापडत नाहीत. बरं, ‘नेणे’ शोधावं तर ‘घेऊन जाणे’ या अर्थाचं ‘नेणे’ही त्यात मिसळून येतं. म्हणजे शोधातून आलेली प्रत्येक ओळ डोळ्यांनी वाचावीच लागते.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. शब्द नकाराचा असला म्हणजे कृती नकाराची असतेच असं नाही, आणि उलटही. महानुभावांच्या ‘स्मृतिस्थळा’त एक प्रसंग आहे. केशवराज पंडित नागदेवाचार्यांना संस्कृतात प्रश्न विचारतात. नागदेवाचार्य सांगतात की तुमचं ते मी नेणें, मला चक्रधरांनी मराठीत निरूपण केलं, त्याच भाषेत विचारा. व्याकरणाच्या नजरेनं हे फक्त ‘मला माहीत नाही’ आहे. पण पाहा, त्या एका वाक्यानं अख्खा संवाद संस्कृतातून मराठीत येतो. हे अज्ञान कबूल करणं नाही. ज्ञानाची भाषा कोणती हे ठरवणारा नकार आहे. तक्त्यात तुम्ही याला ‘अभाव’ या रकान्यात टाकाल, आणि प्रसंगाचा प्राणच हरवेल.

आता तेरला येऊ. तेरणाकाठचं हे गाव, प्राचीन तगर. गोरोबाकाकांचं समाधी मंदिर इथंच आहे. त्यांची कथा महिपतींनी ‘भक्तविजया’त सांगितली, आणि आपल्याकडं ती कीर्तनातून घरोघरी पोचली. चिखल तुडवताना भजनात तल्लीन झालेल्या गोरोबांच्या पायाखाली त्यांचं तान्हं बाळ येतं. बायको आक्रोश करते, विठ्ठलाला बोल लावते. त्यावर ते तिला मारायला धावतात. तेव्हा ती म्हणते, माझ्या अंगाला हात लावाल तर विठोबाची आण.

या रूपात वाक्य नीट पाहा. त्यात ना ‘नाही’ आहे, ना ‘नको’. आहे फक्त एक अट आणि एक आण. तरी अख्ख्या कथेत इतका बळकट नकार दुसरा नाही. आपण ही कथा गोरोबांच्या निष्ठेची म्हणून ऐकतो, त्यांनी शब्द कसा पाळला याची. पण शब्द कुणाचा होता? मार चुकवणाऱ्या एका बाईचा.

पुढं सासरे दुसरी मुलगी देतात आणि दोघींना सारखंच वागवा अशी आण घालतात. त्यांचा हेतू उघड आहे, धाकटीची आबाळ होऊ नये. गोरोबा मात्र त्याचा अक्षरशः अर्थ लावतात. थोरलीला शिवायचं नाही, मग धाकटीलाही नाही. थोरलीचा नकार धाकटीवर येऊन पडतो, आणि तिनं तर तो कधी उच्चारलेलाही नव्हता. शेवटी दोघी मिळून, ते झोपेत असताना, त्यांचे हात आपल्या अंगावर ठेवतात. जाग आल्यावर ते स्वतःचे हात तोडून टाकतात.

याच गोरोबांची दुसरी कथा शेजारी ठेवा. मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून ते थापटणं घेऊन संतांची डोकी तपासतात. सगळे गप्प बसतात, नामदेव विरोध करतात, आणि तो विरोधच त्यांच्या कच्चेपणाचा पुरावा ठरतो. एका कथेत नकार पाळला जातो, दुसरीत तोच अपक्वतेची खूण. नकाराचं मोल शब्दात नसतं, कथा त्याला कुठं बसवते यात असतं.

इथं एक सावधगिरी. हे वाचून ‘महिपतींनी स्त्रीच्या संमतीचा विचार मांडला’ असं लिहायचा मोह होईल. मलाही झाला. पण ‘भक्तविजय’ अठराव्या शतकातला ग्रंथ आहे, गोरोबा त्याच्या चारशेहून अधिक वर्षं आधीचे. ग्रंथ भक्ती सांगण्यासाठी लिहिलाय. त्यातून गोरोबांच्या घरात काय घडलं ते सिद्ध होत नाही. आजचा शब्द पोथीवर चिकटवू नका. एवढं मात्र नक्की म्हणता येतं की तिच्या आणेशिवाय ही कथा पुढं सरकत नाही. भक्ताची थोरवी उभी करायला कथेला तिचा नकार लागतो.

म्हणून आता मी मोजणी नंतर करते. आधी प्रत्येक प्रसंगासाठी वहीत तीन रकाने आखते : नकार कुणी दिला, तो कुणी पाळला, आणि तो कुणाला भोगावा लागला. शब्दाचं रूप चौथ्या रकान्यात, शेवटी. तुम्हीही एखादी ओळखीची संतकथा घ्या आणि एवढं करून पाहा. तिन्ही रकान्यांत एकच नाव आलं तर पुढच्या प्रसंगाकडं जा. वेगवेगळी नावं आली तर थांबा, तुमचा संशोधनप्रश्न तिथं असू शकतो.

माझ्या वहीत तिसऱ्या रकान्यात धाकटीचं नाव आहे. पहिल्या दोन्हींत ती कुठंच नाही. पुढचं प्रकरण मी तिच्यापासून सुरू करतेय.