भयाचे अधिष्ठान : 'द कॉल' या आयरिश कादंबरीच्या निमित्ताने

कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या अद्भुत कादंबऱ्यांकडे आपली समीक्षा सहसा वळत नाही. अशा ग्रंथांतील भय हे केवळ रंजनाचे साधन होय, असे आपण गृहीत धरून चालतो. पेडर ओ गिलिन या आयरिश लेखकाची 'द कॉल' (२०१६) ही कादंबरी या गृहीताला बाध आणते. तिच्यातील भयाचे अधिष्ठान कोणते, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे.

कथेची मांडणी सरळ आहे. आयर्लंडचा शेष जगाशी संबंध तुटलेला आहे. तेथील प्रत्येक मुलाला व मुलीला कुमारवयात केव्हातरी 'बोलावणे' येते. मराठीत 'बोलावणे येणे' या शब्दप्रयोगाला जो अर्थ आहे तोच येथेही जवळजवळ लागू पडतो. मूल एकाएकी नाहीसे होते, अंगावरची वस्त्रे तेवढी मागे राहतात, आणि ३ मिनिटे ४ सेकंदांनी त्याचा देह परत येतो. त्या अवधीत त्याने 'करड्या भूमी'त पूर्ण एक दिवस काढलेला असतो, आणि त्या दिवसभर तेथील रहिवासी त्याची शिकार करीत असतात. दहांपैकी जेमतेम एक जिवंत परततो. म्हणून मुलांना तग धरण्याचे शिक्षण देणाऱ्या शाळा निघाल्या आहेत. नायिका नेसा अशाच एका शाळेत शिकते. पोलिओमुळे तिचे पाय अधू झालेले आहेत.

या शिकाऱ्यांना इंग्रजीत 'फेअरी' म्हणतात. परंतु त्यांस 'परी' म्हटल्यास आपली फसगत होईल. फारसीतून आलेली आपली परी सुंदर, पंखधारी आणि बहुधा कृपाळू असते. आयरिश परंपरेतील 'एस शी' म्हणजे टेकड्यांचे लोक. न्यूग्रेंजसारख्या सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या समाधि-टेकाडांत त्यांचा वास मानला जातो. लोक त्यांना भीतीपोटी 'भली माणसे' म्हणत. आपल्याकडे मसुरिकेला 'देवी' म्हटले जाई, त्यातलाच हा प्रकार. मराठी लोकमानसात त्यांना जवळचे कोणी असेल तर त्या पाणवठ्यावरच्या आसरा होत. त्यांचे नाव अप्सरांवरून आले खरे, पण त्यांच्या वाटेला कोणी जात नाही.

आता भयाकडे वळू. भरताने बीभत्सापासून भयानकाची उत्पत्ती सांगितली आहे. या कादंबरीत त्याचा पडताळा पानोपानी येतो. टेकडीवासी माणसाचे मांस मातीसारखे मळतात आणि जिवंत देहांना हवा तो आकार देतात. पण या जुगुप्सेला मर्यादा आहे. एकामागून एक मुले जातात, त्यांचे देह विकृत होऊन येतात, आणि पुनरावृत्तीमुळे वाचकाचे मन हळूहळू बधिर होऊ लागते. हा कादंबरीचा दोषच मानावा लागेल. कित्येक दुय्यम पात्रांची आपणास पुरती ओळखही होत नाही. ती मरण्यापुरतीच येतात.

असे असूनही पुस्तक मिटल्यावर भय ओसरत नाही. त्याचे एक कारण असे की टेकडीवासी आनंदी आहेत. ते सुंदर आहेत, हसतात, दिलेला शब्द पाळतात. क्रौर्याला क्रोधाची जोड असली की आपण ते समजू शकतो. येथे ते उत्सवाच्या वृत्तीने घडते.

दुसरे कारण अधिक खोल आहे. टेकडीवासीयांची तक्रार खरी आहे. अकराव्या शतकात संकलित झालेल्या 'लेबर गवाला' या ग्रंथात आयर्लंडवर एकामागून एक झालेल्या स्वाऱ्यांचा पुराणवृत्तांत येतो. त्यात तूहा डे डानन या देवतुल्य लोकांचा स्पेनहून आलेल्या मीलच्या वंशजांनी, म्हणजे आयरिश लोकांच्या पूर्वजांनी, पराभव केला असे सांगितले आहे. कादंबरीकाराने हे वृत्त शब्दशः खरे धरले. जिंकणाऱ्यांनी भूमी घेतली आणि मूळच्या लोकांना रंगहीन प्रदेशात लोटले.

आयरिश वाचकाला हे झोंबल्यावाचून राहणार नाही. क्रॉमवेलच्या विजयानंतर १६५२ च्या कायद्याने ज्यांच्या जमिनी हिरावल्या गेल्या आणि ज्यांना शॅननपलीकडे कॉनाक्टात जावयास सांगितले गेले, त्यांच्या वारसांना या कादंबरीत हिरावून घेणाऱ्यांच्या जागी उभे केले आहे. पीडितांची स्मृती जपणाऱ्या समाजाला ती 'तुमच्याही पायांखाली कोणीतरी गाडलेले आहे' असे सांगते. आणि ऋण फेडतात ती मात्र ज्यांनी ते काढले नाही अशी मुले. भय येथे नैतिक होते. शत्रू निव्वळ दुष्ट असता तर आपण निःशंकपणे नेसाच्या बाजूस उभे राहिलो असतो. येथे तिच्या सुटकेची इच्छा करतानाही मन पूर्णपणे निर्वेध राहत नाही.

नेसाच्या अपंगत्वाचे प्रयोजनही याच संदर्भात पाहावे. ती टिकणार नाही, हे तिच्या समाजाने आधीच ठरवून टाकले आहे. तिच्यावर श्रम वेचणे म्हणजे अपव्यय, असा तो हिशेब आहे. माणसाच्या देहावरून त्याची किंमत ठरविणे हा टेकडीवासीयांचा खेळ. शाळेचा हिशेबही त्याहून फारसा वेगळा नाही. नेसा त्या हिशेबाला नकार देते. तिचे धैर्य गाजावाजा करीत नाही; बाहूंचे बळ वाढविणे आणि दयेचा स्वीकार न करणे एवढ्यातच ते सामावले आहे. म्हणूनच ते पटते.

'द इन्व्हेजन' (२०१८) या उत्तरार्धात संघर्ष उघड युद्धाच्या पातळीवर येतो. परंतु या लेखकाचे खरे सामर्थ्य त्या ३ मिनिटे ४ सेकंदांतच आहे. रिकाम्या वस्त्रांभोवती उभी असलेली मुले घड्याळाकडे पाहत मोजत राहतात. ती काहीही करू शकत नाहीत. पूर्वजांनी केलेल्या अन्यायाचा वारसा म्हणजे काय, हे त्या मोजण्यात जितके कळते तितके करड्या भूमीच्या कोणत्याही वर्णनात कळत नाही.