नव्वद टक्के बरे होतात, पण नेमके कोण?

व्हेरिकोसीलवरचे शोधनिबंध वाचायला घेतलेत की एक वाक्य सारखं भेटतं: शस्त्रक्रियेनंतर ८० ते ९० टक्के रुग्णांचं दुखणं कमी झालं. आकडा जोरदार आहे. त्यावर उभी केलेली भाकितं मात्र मला पटत नाहीत.

आजार थोडक्यात सांगतो. वृषणाकडून वर रक्त नेणाऱ्या शिरा फुगतात, ते व्हेरिकोसील. बहुतेक वेळा डावीकडे. साधारण १५ टक्के प्रौढ पुरुषांत ते सापडतं, पण दुखतं त्यातल्या थोड्यांनाच. निबंधांत २ ते १० टक्के असा आकडा येतो. खरी गोम इथेच आहे. व्हेरिकोसील इतकं सर्रास असेल, तर वृषण दुखतंय म्हणून आलेल्या माणसात ते निव्वळ योगायोगानंही असू शकतं. दुखण्याचं कारण भलतंच! म्हणजे 'आराम कोणाला पडेल?' या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न आहे: दुखणं व्हेरिकोसीलचंच आहे का?

निबंध सांगतात की जडपणा, मंद ठणका असेल तर आराम पडतो, तीव्र कळ असेल तर कमी. शिरा किती फुगल्यात याला एक निबंध महत्त्व देतो, दुसरा देत नाही. असं का होतं? साधा हिशेब करून बघा. समजा १०० रुग्ण, ९० बरे, १० तसेच. मॉडेल शिकणार मुख्यतः त्या दहांवरून. आणि आपण त्यात वय, वजन, श्रेणी, कालावधी, दुखण्याचा प्रकार, शिरेची जाडी, सगळं कोंबणार. एका घटकामागे किमान दहा घटना हा जुना ठोकताळा धरला, तरी इथे एकच घटक बसतो. वर गंमत म्हणजे 'सगळ्यांना आराम पडेल' एवढंच म्हणणारं मॉडेलसुद्धा ९० टक्के अचूक! म्हणून अचूकता बाजूला ठेवा. त्या दहांपैकी किती जण आधी ओळखता आले, ते विचारा.

आणखी एक. यातले बरेच अभ्यास जुन्या नोंदी चाळून केलेले आहेत. तीव्र कळ असलेल्यांवर सर्जन मुळात शस्त्रक्रियाच टाळत असतील, तर ते रुग्ण नोंदीत येणार कुठून?

तुलनेचा गट तर क्वचितच असतो. दुखणं कमीजास्त होत असतं, आणि माणूस ते शिगेला पोचल्यावरच दवाखान्यात येतो. २००२ साली मोझली यांनी गुडघ्याच्या संधिवाताच्या १८० रुग्णांवर प्रयोग केला. दुर्बिणीची शस्त्रक्रिया झालेल्यांना नुसत्या चिरा दिलेल्यांपेक्षा जास्त आराम पडला नाही. व्हेरिकोसीलचंही तसंच असेल असं मी म्हणत नाही. पण आपण भाकीत शस्त्रक्रियेच्या गुणाचं करतोय की निव्वळ काळाच्या, हे तुलनेशिवाय सांगता येत नाही. इकडे विशी-पंचविशीतला मुलगा टेबलावर जातो. दुखणं तसंच राहू शकतं, वर हायड्रोसील होऊ शकतं, क्वचित धमनीला इजा होऊन वृषण आकसतं.

निबंध हाती आला की सारांश सोडा, आधी रुग्णसंख्येचा तक्ता उघडा. शस्त्रक्रिया १०० जणांवर, फेरतपासणीला आले ६०, त्यातले ५४ बरे: हेही नव्वद टक्केच. उरलेले ४० कुठे गेले, ते लेखकांनी लिहिलंय का बघा.